समुद्रकाठचं भाड्याचं घर आणि पायाखालचा ओक

बोस्टनहून निघालेली लोकल सव्वा तासाच्या आसपास रॉकपोर्टला पोहोचते आणि तिथेच संपते. पुढे रूळ नाहीत. पुढे आहे केप ॲन या खडकाळ भूशिराचं टोक, आणि त्यापलीकडे अटलांटिक. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास. मासेमारी आणि ग्रॅनाइटच्या खाणी यांवर हे गाव वाढलं, आता ते चित्रकारांचं आणि उन्हाळी पाहुण्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. बोस्टनच्या परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत, न्यू इंग्लंड मराठी मंडळही आहे. घरून काम करायची सोय झाल्यापासून अशा समुद्रकाठच्या छोट्या गावात वर्ष-दोन वर्षं राहून बघावं, हा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो.

या किनाऱ्यावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, समुद्र चालत पाच मिनिटांवर. दुसरी, घरात हार्डवूड फ्लोअर, म्हणजे ओक किंवा मेपल अशा कठीण लाकडाची जमीन. जाहिरातीत दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदतात. प्रत्यक्षात समुद्राची हवा आणि लाकूड यांचं कधीच पूर्ण जमत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं, सोडतं, फुगतं, आकसतं, डागाळतं. आणि यातलं बरंचसं त्याच्या अंगावर कायम राहतं. छत गळलेलं, नळ ठिबकलेला, तळघरात पाणी शिरलेलं, हीटर वेडावाकडा चाललेला, हे सगळं पायाखाली नोंदलेलं असतं. ती नोंद वाचता आली, तर करारावर सही करण्याआधीच घर कळतं. या प्रकरणात ती कशी वाचायची ते पाहू.

जमीन लाकडाचीच का?

मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठतं. गोठताना ते फुगतं आणि वरचं बांधकाम उचलायला बघतं. म्हणून घराचा पाया त्या गोठण्याच्या थराखाली, सुमारे चार फूट खोल न्यावा लागतो. एवढं खणायचंच, तर आणखी थोडं खणून तळघर करणं सोयीचं. त्यामुळे इथल्या घरांत तळमजल्याची जमीनही सहसा मातीवर टेकलेली नसते. खाली तळघर, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या. अशी अधांतरी जमीन करायला लाकूड हाच सगळ्यात हलका आणि हाताशी असलेला माल होता.

दुसरं कारण पायांचं. ग्रॅनाइटमधून उष्णता ओकच्या दहापटींहून अधिक वेगाने वाहते. म्हणून एकाच खोलीत, एकाच तापमानाला दगडी फरशी तळव्यातली ऊब ओढून घेते आणि लाकूड तसं करत नाही. जिथे हिवाळा लांब आणि कडक असतो, तिथे हा फरक मोठा आहे.

कोकणात गणित नेमकं उलटं. तिथे पायांना गारवा हवा, पाऊस चार महिने आणि मातीतून वर चढणारी वाळवी बारमाही. म्हणून खाली चोपून सारवलेली जमीन, पुढे कोबा आणि शहाबादी फरशी. लाकूड असलंच तर माडीवर, मातीपासून उंच. रत्नागिरीच्या जुन्या घरातली माडीची तक्तपोशी आणि रॉकपोर्टच्या घरातली ओकची जमीन, दोन्हीमागे स्थानिक हवेचा पुरता अभ्यास आहे.

पाइनपासून ओकपर्यंत

न्यू इंग्लंडच्या सगळ्यात जुन्या घरांत ओकच्या अरुंद पट्ट्या नसतात, पाइनच्या रुंद फळ्या असतात. इथली पांढऱ्या पाइनची झाडं उंच आणि सरळसोट, जहाजाच्या डोलकाठीला अगदी योग्य. १६९१ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीला जी सनद मिळाली, तिच्यात खाजगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरची २४ इंच आणि त्याहून जास्त व्यासाची झाडं इंग्लंडच्या राजासाठी राखून ठेवली होती. वसाहतवाल्यांना हा नियम फार खुपायचा. १७७२ साली न्यू हॅम्पशरमधल्या वेअर या गावात त्यावरून दंगलही झाली. जुन्या घरात फूट-दीड फूट रुंदीची फळी दिसली की ती या जंगलाची आठवण असते. मात्र पाइन मऊ. खुर्ची ओढली तरी ओरखडा उठतो.

लाकडाचा कठीणपणा मोजायची पद्धत गेब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली बसवली. सुमारे ११.३ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. पांढऱ्या पाइनला ३८० पौंड लागतात, लाल ओकला १,२९०, पांढऱ्या ओकला १,३६०, मेपलला १,४५०. पाइन आणि ओक यांच्यात तिपटीहून जास्त अंतर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिरण्यांत अशी यंत्रं आली की ती पट्टीच्या एका कडेला बारीक जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच काढून देत. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची आणि खिळा जिभेतून तिरका मारायचा, म्हणजे तो वरून दिसत नाही. सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड ओकची पट्टी हे तेव्हापासूनचं रुळलेलं माप. १८८० ते १९३० या काळात न्यू इंग्लंडच्या गिरणीगावांत आणि बंदरांत उभ्या राहिलेल्या तीनमजली लाकडी घरांत ही जमीन भरपूर आढळते.

त्या काळी या जमिनीवर जे पॉलिश चढवत, त्याचं मूळ भारतात होतं. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचा थर तयार करतात. छोटा नागपूरच्या जंगलात तो गोळा होई, शुद्ध होऊन चपड्याच्या रूपात कोलकात्याहून जहाजाने जाई आणि अमेरिकेत स्पिरिटमध्ये विरघळवून ओकवर लावला जाई, वरून मेणाचा हात. चपडा दिसायला सुंदर, पण पाणी सांडलं की पांढरा डाग पडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलियुरेथेन आलं. हा प्लॅस्टिकचा पातळ, पारदर्शक पापुद्रा पाण्याला आणि घर्षणाला पुष्कळ जास्त टिकतो. मधल्या काळात अनेक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे चिकटवले गेले आणि ओक त्याखाली झाकला गेला. नंतर आवड पालटली, गालिचे निघाले, आणि खालून पन्नास-साठ वर्षं उन्हाचा कवडसाही न लागलेली जमीन वर आली.

लाकूड का हलतं?

झाड तोडलं, चिरलं, भट्टीत वाळवलं, तरी लाकडाची पाण्याची ओढ जात नाही. त्याच्या पेशींच्या भिंती हवेतला ओलावा धरतात आणि हवा कोरडी झाली की सोडतात. खोलीचं तापमान २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरून स्थिरावतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की ते ६ टक्क्यांकडे उतरतं, ७० टक्क्यांवर गेली की १३ टक्क्यांकडे चढतं.

हे पाणी आलं-गेलं की लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी बदलते. साध्या पद्धतीने चिरलेली लाल ओकची पट्टी दर एक टक्का पाण्यामागे रुंदीत सुमारे ०.३७ टक्के फुगते किंवा आकसते. सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटरची पट्टी घ्या. उन्हाळा आणि हिवाळा यांत तिच्यातलं पाणी ४ टक्क्यांनी बदललं, तर रुंदी सुमारे ०.८ मिलिमीटरने बदलेल. एका पट्टीपुरतं हे काहीच नाही. पण बारा फूट रुंद खोलीत अशा साठाहून जास्त पट्ट्या बसतात. सगळ्यांची बेरीज पाच सेंटिमीटरच्या घरात जाते. खिळे आणि शेजारच्या पट्ट्यांचा दाब यातलं पुष्कळ रोखून धरतात. उरलेल्यासाठी सुतार भिंतीलगत थोडी मोकळी जागा सोडतो आणि ती पट्टीने झाकतो.

सागवानाचा मोठेपणा इथे कळतो. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने लाल ओक ८.६ टक्के आकसतो, साग ५.८ टक्केच. शिवाय सागात तेलाचा अंश असतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं एवढी टिकली, त्यामागे हा स्वभाव आहे. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल या समुद्रकाठच्या गावात आजही पाण्यावर उभं आहे.

रॉकपोर्टसारख्या गावात लाकडाला दोन टोकं सोसावी लागतात. जून-जुलैमध्ये थंड समुद्रावरून धुकं आत येतं, लोक खिडक्या उघड्या टाकतात आणि घर दमट होतं. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापते. थंड हवेत मुळात बाष्प कमी, आणि तापली की तिची आर्द्रता एकदम खाली येते. घरात २०-२५ टक्केही दिसते. म्हणून फेब्रुवारीत पट्ट्यांमध्ये बारीक फटी पडतात आणि जुलैत मिटतात. त्या फटी पाहून घाबरायचं कारण नाही, जमीन आपला ऋतू पाळते आहे.

काळजीची खूण वेगळी. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खोल, अशी पन्हळीसारखी जमीन लागली, तर लाकूड वरपेक्षा खालून जास्त ओलं आहे. पाणी बहुधा तळघरातून येतं आहे. उलट मध्य उंच आणि कडा खाली असतील, तर बऱ्याचदा जमीन ओली असतानाच कुणीतरी घाईने घासून सपाट केलेली असते. नंतर ती वाळली आणि आकार उलटला. म्हणजे पाणी येऊन गेलं होतं आणि मूळ कारण शोधण्याऐवजी वरून मलमपट्टी झाली, असा संशय घ्यायला जागा आहे.

मीठ आणि वाळू

समुद्रकाठी ओलाव्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घरात येतात. मिठाचे बारीक कण वाऱ्याबरोबर येऊन खिडक्यांवर, जाळ्यांवर, जमिनीवर बसतात. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हेच मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरतं. खिडकीखालची जमीन दमट दिवसांत चिकट लागते, ती यामुळे. लोखंडी खिळे आणि खिडक्यांच्या बिजागऱ्याही यामुळेच लवकर गंजतात.

वाळू त्याहून त्रासदायक. किनाऱ्यावरची वाळू बरीचशी क्वार्ट्झची. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर बसतं; ओकवरचा पारदर्शक थर आणि खालचं लाकूड दोन्ही त्याहून पुष्कळ मऊ. चपलेला चिकटून आलेली चिमूटभर वाळू दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर रोज घासली गेली, तर दोन-तीन उन्हाळ्यांत तेवढा पट्टा निस्तेज होतो. मग थर फाटतो आणि पाणी थेट लाकडाला भिडतं.

घर बघायला गेल्यावर

आधी जमीन खरी लाकडाची आहे का ते पाहावं. जाहिरातीतल्या ‘हार्डवूड’ या शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली, भरीव लाकडाची पट्टी. दुसरी, प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेली पट्टी. तिसरी, दाबलेल्या लगद्याच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र, म्हणजे लॅमिनेट. चौथी, व्हायनल. खरं लाकूड ओळखायचं तर गरम हवेची जाळी जमिनीत बसवलेली असेल तिथे, किंवा दाराच्या उंबऱ्यापाशी, पट्टीची कापलेली कड दिसते का बघावं. भरीव लाकडात वरची रेष कडेवरून खाली उतरते. छापील पट्टीत तीच गाठ, तीच रेष चार-सहा पट्ट्यांनंतर पुन्हा दिसते. लॅमिनेट किंवा व्हायनल असलं म्हणून घर वाईट ठरत नाही. दमट जागी व्हायनल शहाणपणाचं ठरतं. पण भाडं ओकचं आणि जमीन कागदाची, असं होऊ नये.

मग काळे डाग शोधावेत. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. त्याला लोखंड आणि पाणी एकत्र भेटलं की निळसर काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरड्याच्या पाण्यात लोखंड घालून काळी शाई करत, ती याच रसायनाने. म्हणून जमिनीवर रेडिएटरच्या पायाभोवती काळं कडं असेल तर तो गळत होता. खिळ्याच्या डोक्याभोवती काळा ठिपका असेल तर तिथे पाणी पोहोचलं होतं. खिडकीखाली काळपट पट्टा असेल तर पावसाचं तिरकं पाणी आत येतं. कोपऱ्यात गडद, गोलसर डाग बहुधा पाळीव कुत्र्या-मांजरांचे. राखाडी झालेलं लाकूड म्हणजे वरचा थर कधीच गेलेला आहे आणि लाकूड उघड्यावर पडलं आहे.

यापुढचं पायांनी कळतं. शक्य असेल तर बूट काढून सबंध घरभर चालावं. न्हाणीघराच्या दारापाशी, सिंकसमोर आणि बाहेरच्या दारात जमीन मऊ लागली, दबली, तर खालचं लाकूड कुजायला लागलेलं असू शकतं. जुन्या घराची जमीन थोडी उतरती असणं नेहमीचं. पण एका कोपऱ्याकडे स्पष्ट घसरण असेल तर तळघरात त्याच कोपऱ्याखाली जाऊन तुळई पाहावी.

तळघर न पाहता इथे घर घेऊ नये. भिंतीवर पांढरी, भुकटीसारखी रेष दिसली तर ओल तिथवर चढून सुकली आहे. पाणी उपसायचा पंप आहे का, हवेतली ओल काढणारं यंत्र चालू आहे का, कुबट वास येतो का, हे पाहावं. या किनाऱ्याला हिवाळ्यात ईशान्येकडून येणारी वादळं झोडपतात, त्यांना इथे ‘नॉरईस्टर’ म्हणतात. फेब्रुवारी १९७८च्या वादळात रॉकपोर्टच्या धक्क्यावरची ‘मोटिफ नंबर वन’ ही मासेमारांची लाल झोपडी वाहून गेली. देशभरच्या चित्रकारांनी रंगवलेली ती वास्तू गावाने त्याच जागी पुन्हा बांधली. घर पूररेषेत आहे का, हे पत्ता घालून फेमा या केंद्रीय संस्थेच्या नकाशावर फुकट पाहता येतं. भाडेकरूच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत पुराचं नुकसान सहसा येत नाही. सामानासाठी पुराची वेगळी पॉलिसी भाडेकरूलाही घेता येते.

घर १९७८च्या आधीचं असेल आणि सहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल, तर आणखी एक प्रश्न. त्या काळच्या रंगात शिसं असे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने अशा घरात लहान मूल राहणार असेल तर शिशाचा धोका दूर करायची जबाबदारी मालकावर आहे. तपासणीचा कागद मागावा. रंगवलेली जुनी जमीन स्वतः घासायला घेऊ नये.

हिवाळ्याचं भाडं, उन्हाळ्याचं भाडं

अशा गावांत बारा महिन्यांचं घर मिळणं कठीण. उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्याने मालकाला चांगले पैसे मिळतात. म्हणून बरीच घरं सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या कामगार दिनानंतर मोकळी होतात आणि मे-जूनपर्यंतच भाड्याने मिळतात. हिवाळ्याचं भाडं उन्हाळ्याच्या मानाने बरंच कमी. पण करार संपताच घर सोडावं लागतं आणि नेमका उन्हाळा दुसरीकडे काढावा लागतो. दरवर्षी बिऱ्हाड हलवत राहणारी माणसं या किनाऱ्यावर आहेत, आणि त्यांत गावातच काम करणारे शिक्षक, खलाशी, हॉटेलात राबणारे असतात. ३१ दिवस किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर राज्याने १ जुलै २०१९पासून कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली.

हिवाळी घर बघताना दोन प्रश्न विचारावेत. घर मुळात बारमाही राहण्यासाठी बांधलेलं आहे की उन्हाळी बंगलीला नंतर हीटर बसवला आहे? आणि तापवण्याच्या इंधनाचं बिल कुणी भरायचं? राज्याच्या आरोग्य नियमांनुसार सप्टेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत घर दिवसा किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट तापवता आलंच पाहिजे. इंधनाचा खर्च भाडेकरूने सोसायचा असेल, तर तसं लेखी करारात हवं.

झीज आणि नुकसान

सुरुवातीला मालक भाडेकरूकडून चारच गोष्टींचे पैसे घेऊ शकतो: पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढं डिपॉझिट आणि नवीन कुलपाची किंमत. मुंबई-पुण्यात ठोक डिपॉझिटची सवय असलेल्या माणसाला हे नवल वाटेल. दलालाची फी १ ऑगस्ट २०२५पासून, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची आहे. डिपॉझिट मालकाचं नसतं, भाडेकरूचंच असतं. ते राज्यातल्या बँकेत वेगळ्या, व्याजाच्या खात्यात ठेवावं लागतं. भाडेकरू घर सोडून गेल्यावर ३० दिवसांत ते परत द्यायचं, आणि काही कापलं तर कशाचे किती ते शपथेवर लिहून द्यायचं. काही नियम मोडले तर मालकाला तिप्पट भरपाई द्यावी लागते. सुट्टीसाठी घेतलेल्या १०० दिवसांपर्यंतच्या भाड्याला हे संरक्षण नाही. सप्टेंबर ते मे राहायला घेतलेलं घर मात्र त्यात येतं. हे सगळं मॅसॅच्युसेट्सचं. शेजारच्या मेन आणि ऱ्होड आयलंडचे नियम वेगळे आहेत.

या कायद्यातला जमिनीसाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे घराच्या स्थितीचं निवेदन. डिपॉझिट घेणाऱ्या मालकाने, डिपॉझिट घेतानाच किंवा राहायला आल्यापासून दहा दिवसांत, यांतलं जे नंतर असेल तेव्हा, घरात आधीच काय काय बिघडलेलं आहे याची सही केलेली यादी भाडेकरूला द्यायची असते. भाडेकरूने पंधरा दिवसांत त्यात आपली भर घालून ती परत करायची. नव्या घरात सामान लावण्याच्या गडबडीत हा कागद सही करून परत जातो, आणि तिथेच पुढचा वाद पेरला जातो. रेडिएटरखालचं काळं कडं, खिडकीखालचा पट्टा, स्वयंपाकघरातल्या वर आलेल्या कडा, हे सगळं खोलीवार, फोटोंसह त्यात लिहावं. “जमीन ठीक” एवढंच लिहिलं तर आधीच्या वीस वर्षांचे डाग आपल्या नावावर चढतात.

डिपॉझिटमधून नुकसानीचे पैसे कापता येतात, रोजच्या वापराच्या झिजेचे नाही. वाटेवरचं उतरलेलं तेज, खुर्च्यांचे बारीक ओरखडे, उन्हाने पालटलेला रंग, हिवाळ्यातल्या फटी ही झीज. फ्रिज ओढताना पडलेली खोल चर, इस्त्रीचा जळका डाग, महिनोन्‌महिने पाझरणाऱ्या कुंडीखालचं कुजलेलं लाकूड हे नुकसान. सीमा नेहमीच स्पष्ट नसते, पण लाकूड कसं वागतं हे माहीत असलेला माणूस वादात भक्कम उभा राहतो. पट्ट्या पन्हळीसारख्या झाल्या असतील, तर लाकूड खालून जास्त ओलं आहे हे त्यांच्या आकारावरूनच सांगता येतं, आणि ते पाणी तळघरातलं असेल तर जबाबदारी मालकाची आहे.

भरीव पट्टीत जिभेच्या वर सहा-सात मिलिमीटर लाकूड असतं. एकदा यंत्राने घासून नवं पॉलिश करायचं तर त्यातलं पाऊण मिलिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे ही जमीन जन्मात मोजक्याच वेळा घासता येते, आणि प्रत्येक वेळ कुणाच्या तरी हयगयीने किंवा काळजीने पुढे-मागे होते. पातळ थराच्या पट्टीला तर ही संधी एकदा मिळते किंवा मिळतच नाही.

राहायला गेल्यावर

मराठी घरातली एक सवय या जमिनीला वरदान आहे, ती म्हणजे चपला दाराबाहेर काढणं. वाळू उंबऱ्यापाशी थांबते. दाराच्या आत आणि बाहेर खरबरीत पायपुसणी असली की निम्मं काम झालं.

दुसरी सवय मात्र घातक. बादलीभर पाणी घेऊन रोज लादी पुसायची आपली पद्धत ओकवर अजिबात चालत नाही. पाणी फटींतून खाली जातं आणि खालून ओल्या झालेल्या लाकडाच्या कडा वर येतात. वाफेचा पोछा तर आणखी वाईट. मऊ ब्रशने किंवा व्हॅक्युमने वाळू आधी काढावी, मग घट्ट पिळलेल्या, नुसत्या दमट फडक्याने पुसावं. सांडलेलं पाणी लगेच टिपावं. ज्या जागी थर झिजला आहे तिथे हळद सांडली की रंग लाकडात शिरतो. बराचसा पुढे उजेडाने फिका होतो, पण तेल जिरलं तर जात नाही. देवघराखाली, समईखाली मोठं ताट ठेवावं.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते भिंतीवर लावावं. ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान लाकूड सुखात असतं. उन्हाळ्यात धुक्याच्या दिवशी खिडक्या बंद करून ओल काढणारं यंत्र चालवावं. हिवाळ्यात हीटर फार चढवू नये. फर्निचरच्या पायांना वूल फेल्टच्या चकत्या लावाव्यात. सतरंजीखाली रबराचा किंवा प्लॅस्टिकचा थर घालू नये, त्याने पॉलिशचा रंग बदलतो. सतरंज्या अधूनमधून सरकवाव्यात, नाहीतर झाकलेला चौकोन वेगळ्या रंगाचा राहतो.

तीनमजली लाकडी घरात खाली शेजारी असतो. लाकडी तुळयांवरची जमीन धपधप आवाज थेट खाली पोहोचवते: मुलांचं पळणं, खलबत्ता, खुर्ची ओढणं. काही करारांत जमिनीचा ८० टक्के भाग सतरंज्यांनी झाकावा अशी अट असते. अट नसली तरी जाड सतरंजी शेजारधर्म सांभाळते.

छत गळलं, नळ ठिबकला, पट्टी वर आली, तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावं, तारखेसह फोटो ठेवावा. मालकाने लक्ष दिलं नाही तर गावच्या आरोग्य मंडळाकडे तपासणी मागता येते. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं, लिहिलेलं राहतं.

भाडेकरू आणि मालक यांच्यातले बहुतेक वाद कुणी काय केलं यावर होतात. ओकची जमीन त्यातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं स्वतः देते, विचारणाऱ्याला तिची भाषा आली पाहिजे एवढंच. ती भाषा शिकायला तज्ज्ञ व्हावं लागत नाही. कडा वर की मध्य वर, डाग काळा की राखाडी, फट फेब्रुवारीत पडली की बारमाही आहे, एवढे तीन-चार प्रश्न पुरतात. ज्याला ते विचारता येतात, तो चुकीचं घर टाळतो, योग्य घराचं भाडं समजून देतो, आणि जाताना आपलं डिपॉझिट हक्काने मागतो. शंभर वर्षांपूर्वी कुणी सुताराने गुडघ्यांवर बसून एकेक पट्टी ठोकून बसवली. तिचं आयुष्य एका करारापेक्षा मोठं आहे. आपण तिच्यावर एक-दोन हिवाळे चालणार असू, तर पुढच्या भाडेकरूलाही ती चालायला मिळावी, एवढी काळजी त्या भाड्यातच धरलेली आहे असं मानावं.